मापासाठी उभा केलेला माणूस

मल्हाररावांकडे आम्ही कॅमेऱ्याचं लाकडी स्टँड मागायला गेलो होतो. शनिवार, १७ जानेवारी १९५९, रात्रीचे सव्वानऊ. मधु, गोविंद आणि मी. सोमवारपासून आठ दिवस आम्ही फोटो काढत फिरणार होतो. आधी चंबळचे बीहड, मग धौलपूर, आणि सुट्टी पुरली तर पार बिकानेरची वाळू. कॅमेरा मधुच्या मामांचा होता. स्टँड मात्र कोणाकडेच नव्हतं. इथेच ग्वाल्हेरात, जयेंद्रगंजात मल्हाररावांकडे एक जुनं सागवानी स्टँड पडून आहे, असं गोविंदनं ऐकलं होतं.

मल्हारराव सरकारच्या प्रसिद्धी खात्यात हेडक्लार्क होते, गेल्याच वर्षी निवृत्त झालेले. थंडी कडक होती. त्यांनी आम्हांला शेगडीजवळ बसवलं, आत जाऊन स्टँड आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"न्या. पण बीहडात जाऊन करणार काय? मातीचेच तर ढिगारे."

"ढिगारे म्हणूनच तर पंचाईत आहे काका," मधु म्हणाला. "फोटोत कळतच नाही, दरी पन्नास हात खोल आहे की पाच. म्हणून समोर कोणाला तरी उभं करायचं. माणूस दिसला की माप कळतं. याला उभं करू. हा तसाही बोलत नाही आणि हलतही नाही."

याला म्हणजे मला. गोविंद हसला. मीही हसलो.

मल्हारराव हसले नाहीत. त्यांनी उठून रस्त्याकडची खिडकी लावली.

"किती वेळ उभं करशील त्याला?"

"किती म्हणजे? बस, एक सेकंद."

"आणि मग?"

"मग काय? झालं म्हणून सांगेन. येईल तो."

"तेवढं विसरू नकोस," मल्हारराव म्हणाले. "हे स्टँड भालचंद्राचं आहे. आमच्या खात्याचा फोटोग्राफर. आता इंदुरास असतो, पुतण्याच्या दुकानात बसतो. कॅमेरा हातात धरत नाही. का धरत नाही, ते ऐका आणि मग ठरवा न्यायचं की नाही."

त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो.

*

छप्पन सालचा ऑक्टोबर. मध्य भारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश व्हायचा होता. पहिली नोव्हेंबर ठरली होती. कचेरीत रोज नवी यादी. कोण भोपाळला जाणार, कोण इथेच राहणार, कोण घरी जाणार. ज्याला त्याला एकच विचार, आपलं नाव कुठल्या यादीत.

भालचंद्र टेंपररी होता. नऊ वर्षं टेंपररी. लग्न केलं नव्हतं, खोलीत एकटाच. फोटोशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही नव्हतं. सुट्टी मिळाली की हेच स्टँड खांद्यावर टाकून निघायचा. एकदा जैसलमेरपर्यंत जाऊन आला. तिथेच तो हे मापाचं शिकला. म्हणायचा, वाळूत लांबचं काय, जवळचं काय, काही कळत नाही. एक उंटवाला टेकडीवर उभा केला की सगळं जागच्या जागी येतं.

तर आमच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, नव्या सरकारला आपल्या मुलखाचा एक आल्बम द्यायचा आहे. बारा देखावे. एक तारखेला सकाळी दहाला बारा फोटो माझ्या टेबलावर आले, तर तुझं नाव कायमच्या यादीत. नाही आले तर माझ्या हातात काही नाही.

अकरा झाले होते. मांडू, नरवर, शिवपुरीचा तलाव, श्योपूरचं माळरान, सगळं. बारावा राहिला होता. चंबळचे बीहड.

एकतीस ऑक्टोबर, बुधवार. खात्याची जीप कशीबशी दुपारी मिळाली. ड्रायव्हर जयसिंहराव. एरवी जयसिंहरावच फोटोत उभे राहायचे, फेटा बांधून. भालचंद्राच्या निम्म्या फोटोत ते दिसतील तुम्हांला. पण मुरैन्याच्या पुढे कच्च्या रस्त्यावर चाक बसलं. स्टेपनी आधीच फुटकी. जयसिंहराव म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. उजेड गेला तर माझा फेटा काय कामाचा? मी पंक्चर काढून हे लावतो आणि येतो."

भालचंद्र स्टँड आणि पेटी घेऊन एकटा गेला. मैलभर चालला. कड्यावर पोचला तेव्हा सूर्य टेकत होता.

तुम्ही पाहिलेत ना बीहड? खाली नदीपर्यंत नुसती फाटलेली जमीन. झाड नाही, घर नाही. एक टिटवी ओरडत होती, ती पण थांबली.

त्याचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा होता. मागे दुधी काच, तिच्यावर देखावा उलटा पडतो, डोकं खाली, पाय वर. डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचं. त्यानं कापड घेतलं, भिंग नीट केलं. देखावा सुंदर होता. पण तेच. दरी की वारूळ, कळेना. माणूस हवा होता.

आणि काचेत माणूस दिसला.

पलीकडच्या टेकाडावर. उलटा, अर्थात. अगदी ताठ उभा. हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू, मोजणीवाले धरतात तसा.

भालचंद्रानं कापडातून डोकं काढलं. खरंच होता. मधे दरी, दोन-अडीचशे पावलांचं अंतर. त्याला वाटलं, देव पावला. त्यानं हाक मारली, "ओ भाईसाब, ऐसेच खडे रहना! हिलना मत!"

उत्तर मराठीत आलं.

"हलत नाही, साहेब."

भालचंद्राला आधी आनंदच झाला. त्या ओसाडीत आपलं माणूस. आवाज इतक्या लांबून इतका जवळ कसा आला, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं नाही. फोटोचा माणूस, त्याचं सगळं लक्ष उजेडावर. त्यानं काच बदलून प्लेट घातली आणि भिंगावरचं झाकण काढलं. घड्याळात पाच पन्नास.

उजेड कमी असला की झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. त्यानं हिशेब केला, दहा मिनिटं. मग वाटलं, वीस.

साडेसहाच्या सुमाराला आवाज आला.

"झालं का, साहेब?"

"अजून नाही. थांबा जरा."

"बरं."

आता अंधार पडत चालला होता. तो माणूस म्हणजे एक काळी रेघ, बस. भालचंद्राला एकट्याला बरं वाटेना, म्हणून त्यानंच बोलणं काढलं.

"राव, कुठले तुम्ही?"

"ग्वाल्हेरचाच, लष्कर भागातला. खासगी बाजारात घर आहे."

"मग आपण शेजारीच की. नाव काय?"

"शिवाजीराव. पलटणीत होतो. पलटण मोडली. मग हा बांबू मिळाला."

"इकडे कसे?"

"कामावर."

वारा नव्हता. दिवाळी तोंडावर, चंद्र नाहीच. एकेक तारा दिसायला लागला. भालचंद्र घड्याळ डोळ्यांजवळ धरून बघत होता. या प्लेटला दुसरी संधी नव्हती. उद्या दहाला टेबलावर. जितका वेळ जास्त, तितकं चित्र पक्कं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

"झालं का, साहेब?"

"थांबा हो."

"पाय भरून आलेत."

"समजतंय मला. पण हलू नका. माझी नोकरी आहे यावर."

त्यानं पुन्हा घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. मग...

"माझीही होती."

भालचंद्र मला म्हणाला, मल्हारराव, त्या वेळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी ओरडून बोलत होतो. तो ओरडत नव्हता. तो हळूच बोलत होता... आणि मला ऐकू येत होतं.

त्यानं विचारलं, "तुम्हांला... कोणी उभं केलं इथे?"

"साहेबांनी. फोटोला. म्हणाले, मी सांगेन तेव्हा हल."

"कोणते साहेब?"

त्या माणसानं खात्याचं नाव सांगितलं. संस्थानातल्या दरबारच्या वेळचं खातं होतं ते, बंधारे बांधायच्या जागा बघणारं. भालचंद्राला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं,

"ते खातं तर अठ्ठेचाळीसलाच मोडलं. आमच्यात मिळालं..."

टेकाड दिसत नव्हतं. माणूस दिसत नव्हता. नुसता अंधार. आणि उघडं भिंग.

मग आवाज आला. अगदी साधा. तक्रार नाही, काही नाही.

"तुमच्यात मिळालं ना? मग आता तुम्हीच सांगायचं, साहेब."

एक शब्द. तेवढाच सांगायचा होता.

भालचंद्राची जीभ उचलेना. हात मात्र सवयीनं चालले. झाकण लावलं. प्लेट काढली. स्टँड मिटलं... आणि तो पळाला. मागून कोणी आलं नाही. हाक नाही. पाऊल नाही. काही नाही.

तेच जास्त वाईट, असं तो म्हणायचा.

जयसिंहराव चाक लावून रस्त्यावर उभे होते, बिडी ओढत. म्हणाले, "काय हो, कोणाला थांबवत होतात मघापासून? मी अर्ध्या वाटेपर्यंत आलो होतो. तुम्हीच बोलताय, तुम्हीच ऐकताय. म्हटलं, चला, एकटा माणूस आहे, बोलू दे."

रस्त्यावर विहिरीजवळ एक म्हातारा गुर्जर बसला होता. जीपमध्ये पाणी घालताना जयसिंहरावांनी त्याला सहज विचारलं, पलीकडच्या टेकाडावर कोण असतं. म्हातारा भालचंद्राकडे बघत राहिला.

"आपने भी रोका उसे?" तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना. ग्वाल्हेरहून साहेब लोक आले होते, कॅमेरा घेऊन. एक मराठा शिपाई त्यांनी बांबू देऊन समोर उभा केला. तेवढ्यात मोटारीतून कोणीतरी कागद घेऊन आलं. दरबार संपला, खातं संपलं, सामान जमा करा. साहेब लोक घाईघाईनं सामान भरून गेले. म्हणाले, त्याला कोणीतरी निरोप द्या.

"हम गये थे कहने," म्हातारा म्हणाला. "बोला, साहब ने नहीं कहा अभी. पानी पिलाया, खडे-खडे पी लिया. दो दिन खडा रहा, बाबूजी. उस घाम में, उस धूप में. तीसरे दिन टीला ही धँस गया." अख्खं टेकाडच त्याच्यासकट खचलं होतं.

भालचंद्रानं त्याच रात्री प्लेट धुतली. दोन वाजता माझं दार वाजवलं. ओली प्लेट हातात, दिव्यासमोर धरली. मी जन्मात असा फोटो पाहिला नाही. दरी, दरीच्या आत दरी, नदीची एक चकाकती रेघ, वर ताऱ्यांच्या बारीक बारीक रेघा. माणूस नव्हता. ते ठीक आहे, मी मनात म्हटलं. अंधार होता, हलला असेल. पण भालचंद्र बोट ठेवून दाखवत होता. जिथे तो उभा होता ते टेकाडच फोटोत नव्हतं. तिथे मोकळी जागा होती. तारे पार खालपर्यंत.

"बारा झाले," तो म्हणाला, आणि माझ्या ओट्यावर बसून राहिला.

मी म्हटलं, "देऊ नकोस हा."

"मग काय देऊ?"

सकाळी दहाला आल्बम टेबलावर गेला. साहेब म्हणाले, "वा. माप कळत नाही, पण वा." भालचंद्राचं नाव यादीत लागलं. कायम. ग्वाल्हेरातच, माझ्याच खोलीत, खिडकीजवळचं टेबल.

दिवाळी झाल्यावर तो खासगी बाजारात गेला. मलाही बरोबर नेलं. घर सापडायला वेळ लागला नाही. सुलोचनाबाई नावाच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, दारात बसून गहू निवडत होत्या. कपाळाला कुंकू. आम्ही शिवाजीरावांचं नाव काढलं तर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कामावर गेलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही कचेरीतले का? मी अर्ज केला होता. हे म्हणतात त्या खात्यात विचारा, ते म्हणतात ह्या खात्यात. कमी केलेल्यांच्या यादीत नाव नाही. गेलेल्यांच्या यादीतही नाही. म्हणजे कामावरच आहेत ना?"

भालचंद्र खाली बघत होता.

"तुमची भेट झाली का त्यांची?" त्यांनी त्याला विचारलं. "काम संपत आलं का?"

पोरांनो, मी तीस वर्षं कचेरीत काढली. लोकांना वाटेल ती उत्तरं दिली. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. भालचंद्रच म्हणाला, "मी सांगतो त्यांना."

तो दुसऱ्या दिवशी बसनं गेला. एकटा. मला म्हणाला, नको, हे माझं आहे. त्याच कड्यावर, त्याच वेळेला उभा राहिला. मोठ्यानं म्हणाला, झालं, शिवाजीराव. या आता. घरी वाट बघताहेत. पुन्हा म्हणाला. दरीतून आपलाच आवाज परत येई. रात्रभर म्हणत राहिला. पहाटे त्याचा घसा बसला. उत्तर आलं नाही. कोणी उभं नव्हतं तिथे.

परत आला तो उतरल्या चेहऱ्यानं. मी समजूत घातली. म्हटलं, सुटला असेल बिचारा. तुझं ऐकून गेला असेल. तो हं म्हणाला. हळूहळू माणसात आला. सुलोचनाबाईंचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला, वर पाठवला. हिवाळा गेला.

आता शेवटचं सांगतो.

सत्तावन्न सालचा मे. अठरा तारीख, शनिवार. अर्धा दिवस कचेरी होती. दुपारी दोनला मी स्वतः कुलूप लावलं, किल्ली माझ्याच खिशात. भालचंद्राच्या टेबलाजवळची खिडकी उघडी राहिली, ही चूक माझी. त्या रात्री आंधी आली. तुम्हांला आठवत असेल ती, महाराज बाड्यावरच्या दुकानांच्या पाट्या उडाल्या होत्या. रात्रभर आणि रविवारी दुपारपर्यंत नुसती धूळ. पिवळी, मैद्यासारखी बारीक. चंबळकडूनच येते ती.

सोमवारी सकाळी सव्वादहाला मी आणि भालचंद्र जिना चढलो. मी कुलूप काढलं. दार ढकललं.

खोलीभर धूळ. टेबलं, फायली, खुर्च्या, जमीन... सगळं एका रंगाचं. बोटभर थर. त्यावर मांजराचं पाऊल नाही. उंदराचं नाही. कोणी आलं नव्हतं. कोणी गेलं नव्हतं.

मी आत पाय टाकणार, तेवढ्यात भालचंद्रानं माझा दंड धरला.

त्याच्या टेबलासमोर, दोन हातांवर, जमीन दिसत होती. लाल फरशी. स्वच्छ. दोन जागी.

धुळीत उमटलेली पावलं नव्हती ती, पोरांनो. धूळ न पडलेली पावलं होती. आंधी सुरू व्हायच्या आधीपासून ती संपेपर्यंत कोणी तिथे उभं राहिलं, तर जेवढी जागा स्वच्छ राहील, तेवढी. बुटाचा आकार. टाचा जुळलेल्या, चवडे थोडे फाकलेले, पलटणीत शिकवतात तसे. उजव्या पावलाशेजारी रुपयाएवढा एक गोल, तोही स्वच्छ. बांबूचा.

भालचंद्रानं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज... नाही.

आम्ही दारातच उभे होतो. मी खाली बघत होतो.

चवडे त्याच्या खुर्चीकडे होते.